भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

रस्त्यावरील भिंतीवर एखादा अनाहूत कलावंत चित्र काढून गेला, तर त्याचे मोल कोणाच्या पदरात पडावे? इंग्लंडमधील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी २०१४ साली हा प्रश्न उभा राहिला. खरे नाव गुप्त ठेवणाऱ्या बँक्सी या चित्रकाराने तेथील एका भिंतीवर रिकाम्या चौथऱ्याकडे पाहणारी स्त्री रेखाटली. जागेच्या भाडेकऱ्याने भिंतीचा तो भागच कापून विक्रीसाठी अमेरिकेस धाडला. भाडेपट्ट्याप्रमाणे दुरुस्ती आपल्याकडे असल्याने भिंत स्वच्छ करणे हे आपले कर्तव्यच होते, असा त्याचा बचाव होता.

११ सप्टेंबर २०१५ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. रंग देऊनही भिंत साफ करता आली असती. कापलेला तुकडा जागामालकाचाच, आणि त्याचे मोल तिऱ्हाइताच्या हातून वाढले म्हणून मालकी बदलत नाही.

निर्णय आम्हांस न्याय्य वाटतो. तरी एक शल्य उरते. चित्र गावाला परत मिळाले, ते मालकाने आपला हक्क एका कलासंस्थेस दिला म्हणून. ज्या वाटसरूंसाठी ते काढले, त्यांच्या नजरेला या दाव्यात स्थानच नव्हते.