वारुळावरची अळंबी

कोकणच्या इतिहासात बंदरे येतात, किल्ले येतात, वाडीचे सावंत-भोसले येतात. अळंबी काही येत नाही. लिहिणाऱ्याच्या पानात ती बहुधा नसावी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंगतीला कवकही बसविले आहे, म्हणजे द्विजांना वर्ज्य! रानात राबणाऱ्याने तो निषेध वाचला नाही, आणि त्याचे काही अडलेही नाही.

पावसाळ्यात मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी दुर्मिळ. नेमकी त्याच दिवसांत ही अळंबी वर येते. श्रावण पाळणारी घरेही मग ओल्या खोबऱ्याचे वाटप लावून तिची भाजी करतात. मनू इथे हरला म्हणायचा.

हिची शेती माणूस करीत नाही, वाळवी करते. पालापाचोळा नि लाकूड चावून ती वारुळाच्या पोटात पोळ्यासारखे वाफे रचते आणि त्यांवर बुरशी पोसते; त्या बुरशीचे फळ म्हणजे आपली अळंबी. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ साली या कुळाला टर्मिटोमायसीस हे नाव दिले. बटण अळंबी शेडमध्ये पिकते. हिची बाजारी लागवड अजून साधलेली नाही.

तेव्हा या धंद्याचे भांडवल एकच : कोणत्या वारुळावर, कोणत्या पावसानंतर, आणि विषारी कोणती, हे वेचणारीचे ज्ञान. रस्त्याकडेला भिजत बसलेल्या तिच्याशी मोटारीतून घासाघीस करणारा फक्त छत्र्या मोजतो. पहाटेची पायपीट त्याच्या हिशेबात नसते. आता डोंगर यंत्राने साफ होतात. पंचनाम्यात झाडे मोजली जातात, वारुळे कोणी मोजीत नाही.