चिखलदऱ्याचे बुंददाणे

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी अडीच फुटी रुळांची शकुंतला कापसासाठी टाकली गेली, हे वऱ्हाडात सगळेच जाणतात. ही ७६ किलोमीटरची वाट जिथे संपते, तिथून गाविलगडाचा डोंगर जवळच. त्या डोंगरावर, चिखलदऱ्याला, कॉफी पिकते. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंददाणे म्हणत. महाराष्ट्रात ते पिकवणारे ठिकाण म्हणून चिखलदऱ्याचेच नाव घेतले जाते, तरी ते व्यापाराचे पीक कधी झाले नाही. असे का?

‘जमीन मानवली नाही’ हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनला सापडलेले हे ठिकाण सुमारे १११८ मीटर उंचीवर आहे. कर्नाटकात अरेबिका साधारण १००० ते १५०० मीटरवरच लावतात. उंची आहे, सावलीही आहे. नाही ते चैत्रातले पाणी. कोडगूत मार्च-एप्रिलमध्ये एकदोन वळीव पडले की आठदहा दिवसांत झाड पांढरे होते. मेळघाट मात्र मृगापर्यंत कोरडा. फुलोऱ्यासाठी पाणी हाताने द्यायचे, तर मळा वाढणार किती?

पण पाण्याची सोय पैशाने होते आणि वऱ्हाडातला पैसा दुसरीकडे होता. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते ६५ या अमेरिकी यादवीत कापूस सोन्याच्या मोलाचा झाला आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. त्याच सुमारास, १८६९ साली, सिलोनच्या मळ्यांवर तांबेरा पडला आणि पुढे तिथल्या मळेवाल्यांनी चहा धरला. अशा वेळी मेळघाटात कॉफीवर भांडवल कोण लावणार?

उपेक्षेची ही खूण भट्टीत दिसते. झाडे थोडी आणि विखुरलेली असली की पिकलेली व कच्ची फळे एकदमच तोडली जातात. भाजताना १९६ अंशांच्या आसपास दाणे तडतडू लागतात, रंग गडद होतो; कच्च्या फळातला दाणा मात्र फिकटच राहतो आणि चवीला भाजक्या शेंगदाण्यासारखा लागतो. मूठभर असे दाणे सगळा घाणा बिघडवतात. त्यावर उपाय सोपा पण मजुरीचा: लाल फळेच वेचायची, त्यासाठी त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जायचे आणि वेचलेले फळ त्याच दिवशी सोलायचे. वेचणीच्या या जादा फेऱ्यांचे दाम आजवर कोणी मोजले नाहीत. चांगल्या कॉफीला चढा भाव देणारे भाजणारे आज पुण्या-मुंबईत आहेत, आणि चिखलदऱ्याची पूड अजून पर्यटकांच्या पिशव्यांतूनच घाट उतरते.