हॉलमध्ये वाय-फाय सुसाट, बेडरूममध्ये ठप्प? प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा

१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, हॉलमध्ये रील्स झकास चालतात, पण आतल्या खोलीत गेलं की व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो. सोलापुरातल्या सात रस्त्यासारख्या गजबजलेल्या भागात राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी अनेकजण थेट महागडा प्लॅन घेतात. पण अडचण घरातल्या सिग्नलची असेल, तर ३०० एमबीपीएसचे पैसे भरूनही आतल्या खोलीत फारसा फरक पडत नाही. म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधायला हवं.

दोष लाईनमध्ये की घरात?

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. लॅपटॉप नसेल तर राउटरपासून दोन-तीन पावलांवर उभं राहून मोबाईलवर करा. नंतर तीच टेस्ट आतल्या खोलीत करा.

राउटरजवळही स्पीड कमी असेल तर शंका बाहेरून येणाऱ्या लाईनवर किंवा खुद्द राउटरवर. जवळ चांगला आणि आत कमी, तर दोष घरातल्या सिग्नलचा.

फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून सिग्नलच पोहोचत नाहीये. अशा वेळी सेटिंग बदलत बसू नका, कंपनीला कळवा.

आणखी एक गोष्ट. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. ८ बिट म्हणजे १ बाईट, त्यामुळे डाउनलोड जास्तीत जास्त १२.५ एमबीने होतं. जुन्या राउटरचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असेल, तर त्यापुढचा प्लॅन घेऊन केबलवर स्पीड वाढणार नाही.

राउटर कुठे ठेवलाय?

वायर दारातून आत येते म्हणून राउटर दाराजवळच, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटावर बसवला जातो. धातूवर आदळून सिग्नल परत फिरतो. जुन्या वाड्याची जाड दगडी भिंत किंवा सिमेंटचा स्लॅब ओलांडताना तो बराच कमजोर होतो.

सोलापूरकरांनी पाण्याकडेही लक्ष द्यावं. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येत असल्याने घरोघरी बॅरल आणि टाक्या भरलेल्या असतात. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. त्यामुळे राउटर आणि खोली यांच्या मधोमध भरलेली टाकी नको.

राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळ्या जागी ठेवा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तो बंद कपाटात किंवा खिडकीतल्या उन्हात नको. राउटर फार तापला की स्पीड कमी होतो, कधी तो आपोआप बंदही पडतो.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ?

बऱ्याच राउटरवर दोन नेटवर्क दिसतात. २.४ लांबवर पोहोचतं, भिंतीही तुलनेने बऱ्या ओलांडतं, पण स्पीड कमी आणि गर्दी जास्त. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात काम करतात. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतं. सोपा हिशोब: राउटर असलेल्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४.

शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी

सात रस्ता चौकात सगळ्या बाजूंनी गाड्या एकदम आल्या तर काय होईल? अपार्टमेंटमध्ये संध्याकाळी हवेत तेच होतं. २.४ च्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल प्रामुख्याने तीनच: १, ६ आणि ११. वाय-फाय ॲनालायझर ॲपमध्ये आजूबाजूला कोणत्या चॅनेलवर गर्दी आहे ते दिसतं. राउटरखालच्या स्टिकरवरच्या पत्त्याने सेटिंग उघडा आणि या तिघांपैकी मोकळा चॅनेल निवडा.

तरीही कोपरा कोरडाच?

रिपीटर स्वस्त असतो, पण तो आहे तोच सिग्नल पुढे ढकलतो. स्वस्त मॉडेलमध्ये स्पीड साधारण निम्मा होतो. तो सिग्नल नसलेल्या खोलीत लावून उपयोग नाही. राउटर आणि त्या खोलीच्या मध्ये, जिथे सिग्नल अजून चांगला आहे, तिथे लावा. दुमजली घरात लॅन केबल वर नेऊन दुसरा राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून जोडणं जास्त भरवशाचं. चांगली लॅन केबल १०० मीटरपर्यंत चालते. मोठ्या घरासाठी मेश राउटर सोयीचे, पण महाग.

दोष लाईनचा असेल तर?

वेगवेगळ्या वेळी केबलवर घेतलेल्या स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीकडे तक्रार करून तिचा नंबर घ्या. तोडगा निघाला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे तो तक्रार नंबर जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीवर तोच विचारला जातो.