विद्यार्थी-गायकाचा आश्रय आणि पहिली ध्वनिमुद्रिका

महाराष्ट्रात गाणे शिकणाऱ्या मुलाला मिळालेल्या आश्रयाचा इतिहास पाहिला, तर तो दीर्घकाळ शिकण्यापुरताच होता आणि शिकलेले गाणे टिकवून ठेवण्याचा खर्च त्यात धरलेला नव्हता, असे दिसते. गुरुगृही राहून सेवा करणाऱ्या शिष्यापुढे पोटाचा प्रश्न असे; त्यावर माधुकरी, म्हणजे घरोघर फिरून शिजवलेले अन्न मागणे, किंवा वार, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवणे, हे ब्राह्मण विद्यार्थ्याला मोकळे असलेले मार्ग होते. कलावंतिणींच्या मुलींना किंवा मुसलमान गवयांच्या मुलांना ही सोय नव्हती, हे या प्रथेचे कौतुक करताना विसरता येत नाही.

दुसरा आधार संस्थानिकांचा होता. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे मिरजेत शिकायला आलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांना मिरज संस्थानचा आश्रय मिळाला. बालपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झालेल्या या मुलाचे शिक्षण त्या आधारामुळेच पार पडले. तरीही १८९६ मध्ये मिरज सोडल्यावर त्यांनी राजाश्रयापेक्षा लोकाश्रयाचा मार्ग धरला आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथील उपदेशक वर्गात, म्हणजे पुढे संगीतशिक्षक व्हायचे वचन देऊन वर्षानुवर्षे राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात, निवास-भोजनाचा भार संस्था उचलत असे. जलसे आणि देणग्या यांवर चाललेला हा व्याप अखेर कर्जात बुडाला आणि संस्थेची मुंबईतील इमारत लिलावात गेली. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर यांच्यासारखे गायक ज्या संस्थेने घडवले, तिला समाजाने सावरले नाही, ही त्या काळाची मोठी नामुष्कीच म्हणावी लागेल.

याच काळात ध्वनिमुद्रण आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि पुढील दशकांत मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी तबकडी, जिच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, घरोघर पोहोचली. मुद्रणाचा खर्च कंपनी करी, म्हणून कोणाचे गाणे घ्यायचे हेही कंपनीच खपाच्या अंदाजाने ठरवी. तासभर विस्तारणारा राग त्या मापात बसवण्याचे कसब गायकाला साधावे लागे. विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय यांची पहिली तबकडी १९४४ मध्ये, विशी नुकतीच ओलांडलेली असताना निघाली. पण तेव्हा त्यांच्यामागे वडिलांचे नाव आणि मैफलींचा लौकिक होता. नाव नसलेल्या विद्यार्थ्यासाठी ते दार सहसा उघडत नसे.

कॅसेट आणि नंतर संगणक यांनी मुद्रण स्वस्त केले, तरी चांगला स्टुडिओ, साथीदार आणि तंत्रज्ञ यांचा खर्च नवोदिताला आजही पेलत नाही. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वर्षांच्या कलावंतांसाठीची शिष्यवृत्ती दरमहा ५,००० रुपयांप्रमाणे दोन वर्षे दिली जात आली आहे, पण तिचा हेतू पुढील प्रशिक्षण हाच आहे. विद्यापीठांनी आणि सांस्कृतिक न्यासांनी विद्यार्थ्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणासाठी स्वतंत्र अनुदान ठेवावे आणि निवडीचा अधिकार बाजाराकडे न देता जाणत्या गायक-वादकांकडे द्यावा.