एका बँक कारकुनाची युद्धकथा



धुळे-सोलापूर हमरस्त्यावर मांजरसुंब्याच्या चौकात एस.टी.ची वाट पाहत उभे राहिले, की परीक्षेला निघालेली आपली मुले हमखास भेटतात. कुठे निघालास म्हणून विचारावे, तर उत्तर येते, "सर, बँकेची परीक्षा आहे." पोरगा एकदा बँकेत चिकटला म्हणजे घराची ददात मिटली, ही वडिलांची इच्छा. ती रास्तच आहे. परंतु कारकून म्हणजे खुर्ची, खातेवही आणि पाच वाजता घर, त्याच्यात धमक ती कुठली, अशी जी थट्टा आपल्याकडे चालते ती मला नेहमी खटकते. म्हणून आज आपणांस एका परदेशी बँक कारकुनाची हकीकत सांगणार आहे.

त्याचे नाव एडमंड डी विंड. जन्म ११ डिसेंबर १८८३ चा, आयर्लंडच्या उत्तर भागातील कॉम्बर या गावचा. बेलफास्टच्या कँपबेल कॉलेजात शिक्षण झाले आणि पुढे तो बँकेत कारकून म्हणून लागला. १९११ च्या सुमारास नशीब काढण्यासाठी तो कॅनडात गेला. तेथेही कॅनेडियन बँक ऑफ कॉमर्समध्ये कारकुनीच! बदल्या होत होत तो एडमंटन शहरी पोहोचला. इथवर सांगण्यासारखे काही नाही. आपल्या ओळखीच्या कोणत्याही बँकबाबूचे आयुष्य असेच असते.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. नोव्हेंबरमध्ये डी विंड साधा शिपाई म्हणून कॅनडाच्या ३१ व्या पलटणीत भरती झाला. तेव्हा त्याला एकतिसावे सरत आले होते. त्या वयात, लागलेली नोकरी सोडून, अठरा-वीस वर्षांच्या पोरांबरोबर कवायतीला उभे राहणे सोपे नव्हे. त्याला मशीनगन तुकडीत घातले. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच्या भरतीच्या थोडेच दिवस आधी, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी, बेल्जियममध्ये १२९ व्या बलुची पलटणीचा शिपाई खुदादाद खान सोबतचे सगळे गोलंदाज पडल्यावरही जखमी अवस्थेत आपली मशीनगन चालवीत राहिला होता. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारा हिंदी फौजेतील तो पहिला जवान.

डी विंड १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेला. चिखल, उंदीर, विषारी वायू, सोमची भयंकर लढाई, हे सारे त्याने शिपाई म्हणूनच काढले. सप्टेंबर १९१७ मध्ये तो सेकंड लेफ्टनंट झाला आणि रॉयल आयरिश रायफल्समध्ये आला.

आता २१ मार्च १९१८ चा दिवस नीट समजून घ्या. रशिया युद्धातून बाहेर पडल्यामुळे जर्मनीचे पूर्वेकडील सैन्य मोकळे झाले होते. अमेरिकेची फौज पुरती उतरण्याआधीच निकाल लावावा, असा जर्मन सेनापतींचा बेत होता. पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी तोफा सुरू झाल्या, त्या पाच तास थांबल्या नाहीत. दहा लाखांहून अधिक गोळे पडले. त्यात दाट धुके! इंग्रजांनी पुढच्या फळीत सलग खंदकाऐवजी सुटी सुटी मोर्चाची ठाणी केली होती. शेजारच्या ठाण्याने नजरेच्या टप्प्यातून आधार द्यावा, ही त्यामागची कल्पना. धुक्याने नजरच गेली आणि प्रत्येक ठाणे एकटे पडले. सेंट क्वेंटिनजवळ ग्रुजी गावच्या अशाच एका ठाण्यात डी विंड होता. त्याचे नाव होते रेसकोर्स रिडाउट.

दोनदा जखमी होऊनही सात तास त्याने ती जागा सोडली नाही. मदत येईपर्यंत जवळजवळ एकट्याने धरून ठेवली. दोन वेळा केवळ दोन हवालदारांना बरोबर घेऊन, गोळ्यांच्या माऱ्यात तो खंदकाबाहेर उघड्यावर चढला आणि आत शिरलेल्या शत्रूला त्याने हुसकावून लावले. त्यानंतरही हल्ल्यामागून हल्ले तो परतवीत राहिला. अखेर प्राणघातक जखम होऊन कोसळला. वय ३४.

ते युद्ध साम्राज्यांच्या हावेचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा गौरव मी करीत नाही. परंतु एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. युद्ध संपल्यावर त्या बँकेने लढाईवर गेलेल्या आपल्या नोकरांची नोंद आणि त्यांची पत्रे ग्रंथरूपाने छापली. आपल्या निजाम संस्थानचे हैदराबाद लान्सर्सही त्याच युद्धात इजिप्तमध्ये सुएझ कालव्याच्या रक्षणाला होते. मुलांनो, घरात कुणा आजोबा-पणजोबांचा पलटणीचा कागद, बिल्ला, पेन्शनबुक असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. शाळेत घेऊन या, आपण मिळून वाचू.

डी विंडचा देह सापडला नाही, त्यामुळे त्याची कबर नाही. फ्रान्समधील पोझिएर येथील स्मारकाच्या भिंतीवर, चौदा हजारांहून अधिक नावांत, त्याचे नाव कोरलेले आहे. मे १९१९ मध्ये त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तो घ्यायला बादशहासमोर त्याची आई गेली.

कॅनडातील रॉकी पर्वताच्या रांगेत एक शिखर आहे. नकाशावर त्याचे नाव आहे माउंट डी विंड.