लक्ष्यित शस्त्रक्रियाकालीन किरणोपचार

लक्ष्यित शस्त्रक्रियाकालीन किरणोपचार, संक्षेपाने ‘टार्जिट’, ही प्राथमिक अवस्थेतील स्तनकर्करोगावरील उपचारपद्धती आहे. तीत गाठ काढल्यानंतर त्याच शस्त्रक्रियेत, रुग्ण भुलेखाली असतानाच, गाठीच्या जागेभोवतालच्या ऊतींना क्ष-किरणांची एकच मात्रा दिली जाते.

पार्श्वभूमी

प्राथमिक अवस्थेत संपूर्ण स्तन न काढता केवळ गाठ काढणे बहुधा शक्य असते. मात्र रोग उलटू नये म्हणून त्यानंतर सामान्यतः संपूर्ण स्तनाला किरणोपचार देतात. हे उपचार आठवड्यातून पाच दिवस, साधारणपणे तीन ते सहा आठवडे चालतात. नांदेड जिल्ह्यातील उमरीसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या स्त्रीला त्यासाठी रोजचा प्रवास किंवा शहरात दीर्घ मुक्काम करावा लागतो. ते न जमल्यास वाचवता येण्याजोगा स्तनही काढून टाकण्याची वेळ येऊ शकते.

संकल्पना

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात शल्यविशारद जयंत वैद्य व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या स्तनांची सूक्ष्म तपासणी केली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, अर्ध्याहून अधिक नमुन्यांत मूळ गाठीपासून दूरही कर्करोगाचे सूक्ष्म पुंजके होते. तरीही रोग उलटतो तो मुख्यतः मूळ गाठीच्या परिसरातच. त्यामुळे तेवढ्याच भागावर किरणोपचार पुरेसे ठरतील, असा विचार पुढे आला. वैद्य, मायकल बॉम आणि जेफ्री टोबायस यांनी लंडनमध्ये ही पद्धती विकसित करून १९९८ मध्ये प्रथम वापरली.

कार्यपद्धती

गाठ काढल्यावर झालेल्या पोकळीत उपकरणाचे गोलाकार टोक बसवतात. त्यातून २० ते ३५ मिनिटे कमी ऊर्जेचे क्ष-किरण सोडले जातात. टोकाच्या पृष्ठभागालगत सुमारे २० ग्रे मात्रा मिळते. अंतरागणिक ती झपाट्याने घटत असल्याने हृदय व फुप्फुसे बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात.

निष्कर्ष व मर्यादा

‘टार्जिट-ए’ या चाचणीत २००० ते २०१२ या काळात ११ देशांतील ३,४५१ स्त्रिया सहभागी झाल्या. गाठ काढतानाच उपचार दिलेल्या गटात पाच वर्षांत स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण २.११ टक्के, तर संपूर्ण स्तनाला किरणोपचार दिलेल्या गटात ०.९५ टक्के आढळले. हा फरक पूर्वनिश्चित मर्यादेत होता. तथापि निष्कर्षांच्या अन्वयार्थाबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. ही पद्धती निवडक रुग्णांसाठीच योग्य असते. ऊतितपासणीत जास्त जोखमीची लक्षणे आढळल्यास संपूर्ण स्तनालाही किरणोपचार द्यावे लागतात.