पबचा परवाना आणि शेजाऱ्याचा शब्द

इंग्लंडमध्ये एखाद्या पबला आपल्या परवान्यात बदल करून घ्यायचा असेल, म्हणजे मध्यरात्रीनंतरही दारू विकायची किंवा वाद्यसंगीत ठेवायचं असेल, तर मालकाला दर्शनी भागात फिक्या निळ्या कागदावरची नोटीस लावावी लागते. ती 28 दिवस तिथे राहते आणि त्या मुदतीत आजूबाजूचे रहिवासी नगरपरिषदेकडे आपलं म्हणणं लेखी मांडू शकतात. या तरतुदीबद्दल दारूच्या व्यापारात एक नाराजी नेहमी ऐकू येते. जागा मालकाची, धंदा मालकाचा, परवाना देणारं सरकार. मग पलीकडच्या घरातल्या माणसाचा यात संबंध काय? हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. परवान्याचा इतिहास पाहिला तर मात्र उलटंच दिसतं. शेजारी या व्यवहारात मागाहून शिरलेला नाही. परवाना नावाची गोष्ट मुळात त्याच्यासाठीच निर्माण झाली.

सहाव्या एडवर्डच्या काळात, 1552 साली, इंग्लंडच्या संसदेने एल ही बिअर विकणाऱ्या घरांसाठी कायदा केला. तोवर ज्याला वाटेल तो घरी बिअर बनवून ओसरीवर विकू शकत होता. नव्या कायद्याने दोन स्थानिक न्यायाधीशांची परवानगी सक्तीची केली आणि विक्रेत्याकडून मुचलका लिहून घेतला. आपल्या घरात दंगा होऊ देणार नाही, बेकायदा जुगार चालू देणार नाही, असं त्याने जामीनदारांसह लिहून द्यायचं. यात तिजोरी भरण्याचा हेतू नव्हता. अशा घरांमुळे वाढलेला उपद्रव आवरायचा होता. अधिकार लंडनच्या एखाद्या खात्याकडे न जाता त्याच परगण्यातल्या न्यायाधीशांकडे गेला, कारण कोणत्या घरात रात्री काय चालतं हे तिथल्याच माणसांना ठाऊक असतं. पुढच्या शतकातल्या परगण्यांच्या दप्तरांत गावकऱ्यांचे अर्ज मुबलक सापडतात. एका अर्जात अमुक विधवेला परवाना द्या, तिला दुसरा आधार नाही, अशी विनंती असते. दुसऱ्यात अमक्याचा काढून घ्या, आमचे नोकर तिथेच पडून असतात, अशी तक्रार. शेजाऱ्याने नुसता विरोधच केला हा समज या कागदांपुढे टिकत नाही. तो साक्षीदार होता, आणि साक्ष दोन्ही बाजूंनी देत होता.

हा साक्षीदार वगळून पाहण्याचा प्रयोगही इंग्लंडने केला आहे. 1830 च्या बिअर कायद्याने कोणाही करदात्याला अबकारी खात्यात दोन गिनी भरून बिअर विकण्याची मुभा दिली. न्यायाधीशांकडे जायची गरजच उरली नाही. त्यामागची कारणं खोटी नव्हती. मोठे मद्यउत्पादक आणि न्यायाधीश यांचं साटंलोटं असल्याचा आरोप होता, बिअर महाग होती, आणि लोक जिन सोडून बिअरकडे वळावेत अशी आशा होती. पहिल्या काही महिन्यांतच 24 हजारांहून अधिक लोकांनी परवाने घेतले. कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत राहत्या घराची पुढची खोली बिअरचं दुकान झाली. मला यात सर्वांत बोलका वाटतो तो 1834 चा दुरुस्ती कायदा. अवघ्या चार वर्षांत संसदेने अट घातली की जागेवर बसून पिण्याची सोय असेल, तर अर्जदाराने त्याच पॅरिशमधल्या सहा करदात्यांच्या सह्यांचा वर्तणुकीचा दाखला आणावा. खुल्या व्यापाराचा एवढा उत्साह असतानाही शेजाऱ्याच्या सहीवाचून चालेना. 1869 मध्ये तर बिअरघरं पुन्हा न्यायाधीशांच्या अखत्यारीत आली.

शेजाऱ्याला नेमकं काय विचारायचं, याचं उत्तर 1891 मध्ये एका डोंगरी खेड्यातून आलं. वेस्टमोरलंडमधल्या केंटमीर इथल्या एका इनच्या परवान्याचं नूतनीकरण न्यायाधीशांनी नाकारलं. ती जागा पोलिसांच्या नजरेपासून फार दूर होती, आणि परिसराचं स्वरूप आणि गरज पाहता तिथे अशा परवान्याची आवश्यकता नव्हती, ही त्यांची कारणं. शार्प विरुद्ध वेकफिल्ड या नावाने गाजलेला हा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि न्यायाधीशांचा अधिकार कायम राहिला. परवाना म्हणजे मालमत्ता नव्हे, परिसराने ठरावीक काळापुरता दिलेला विश्वास, हे त्यातून ठरलं. मालकांवर यात अन्याय होत होता हेही खरं. काही चूक नसताना धंदा बुडणं क्रूरच. म्हणून 1904 च्या कायद्याने अशा बंद होणाऱ्या पबांना भरपाई दिली, आणि ती त्याच व्यापारावर बसवलेल्या आकारणीतून.

2003 च्या कायद्याने मात्र ही घडी मोडली. 24 नोव्हेंबर 2005 पासून अधिकार न्यायाधीशांकडून नगरपरिषदांकडे आला. दरवेळी न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा निवडून दिलेल्या सदस्यांपुढे बोलणं रहिवाशांना सोपं, आणि हा बदल चांगलाच होता. पण आक्षेप चारच कारणांसाठी घेता येईल असंही ठरलं: गुन्हेगारी, सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव आणि मुलांचं संरक्षण. इथे आणखी एका पबची गरज आहे का, हा प्रश्न परवान्याच्या विचारातून काढून टाकला गेला. केंटमीरमध्ये निर्णायक ठरलेला प्रश्न तो हाच.

याचा परिणाम विरल नावाच्या भागातल्या सॉघल मॅसी हॉटेलच्या प्रकरणात दिसला. नव्या कायद्याखाली या पबने वाढीव वेळ मागितली. पोलिसांचा विरोध उरला नव्हता, परिषदेने ती दिली. दुसरीकडचे पब बंद झाले की तिथले लोक उशिरा इकडे लोटतील, अशी रहिवाशांना भीती होती. ते अपिलात गेले आणि दंडाधिकाऱ्यांनी वेळ कमी केली. 2008 मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. पब काही काळ वाढीव वेळेनुसार चाललेला असतानाही त्रासाचा पुरावा नव्हता, आणि निव्वळ भीतीवर निर्बंध लादता येत नाहीत, असा न्यायालयाचा रोख होता. त्या प्रकरणापुरता हा निकाल मला योग्य वाटतो. अनुभवाने खोटी ठरलेली भीती कवटाळून बसणं हा शेजारधर्म नव्हे. पण जिथे वाढीव वेळ अजून सुरूच झालेली नाही, तिथे रहिवाशाने पुरावा आणायचा कुठून? त्याच्याजवळ असतं ते गल्लीचं ज्ञान: रस्ता किती अरुंद आहे, शेवटची बस कितीला जाते, भिंतीपलीकडे कोण आजारी आहे. याला अंदाज म्हणून बाजूला सारणं म्हणजे 1552 मध्ये ज्याला साक्षीला बोलावलं, त्याला नेमकं माहीत असलेलंच बोलू न देणं.

याहून अवघड आक्षेप दोन आहेत. पहिला असा की शेजाऱ्याच्या तक्रारीआड वर्गाचा तिरस्कार लपतो. तो लपलाही आहे. जमीनदार न्यायाधीशांनी गरिबांची बसायची जागा बंद करताना स्वतःच्या तळघरातल्या वाईनचा विचार केला नाही. पण त्याच दप्तरांत साध्या गावकऱ्यांचे अर्जही आहेत, आणि दारूत मजुरी गेली की भोगत होती ती गरीब घरंच. दुसरा आक्षेप असा की जुन्या पबशेजारी नवं घर घ्यायचं आणि मग आवाजाची तक्रार करायची, हा कुठला न्याय? इथे मी पबच्या बाजूने आहे. 2018 च्या इंग्लंडच्या नियोजन धोरणानेही अशा ठिकाणी काळजी घेण्याची जबाबदारी नवं बांधकाम करणाऱ्यावर टाकली. आधी कोण होतं याला वजन हवंच. मात्र परवान्यात बदल मागणारा पब त्या बदलापुरता स्वतःच नवा आलेला असतो, आणि तिथे तेच तत्त्व शेजाऱ्याच्या बाजूने उभं राहतं.

इंग्रजांनी परवाना आपल्याकडे आणला तो या साक्षीदाराला मायदेशी ठेवूनच. 1878 चा मुंबईचा अबकारी कायदा महसुलासाठी होता; गुत्ता कुठे असावा हे वस्तीला विचारण्याची रीत त्यात नव्हती. जुलै 1880 मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिलं तेव्हा ते नगरपालिकेचे सदस्य होते, तरी त्यांच्या हाती उरला होता तो तक्रारअर्जच. महाराष्ट्रातल्या वस्तीला दुकानाबद्दल निर्णायक मत मिळालं ते आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करण्याबद्दलच्या, मतदानातून, आणि तेही यादीतल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी बाटली आडवी केली तरच. म्हणजे मतदानाला न आलेला प्रत्येक मतदार उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारखाच. मार्च 2025 मध्ये विधानसभेत घोषणा झाली की गृहनिर्माण संस्थेच्या आवारात बिअर किंवा दारूचं नवं दुकान काढायचं, तर संस्थेचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. 1834 मधल्या त्या सहा सह्यांशी याचं नातं अगदी जवळचं आहे.